म्हैस देऊन घोडी

देवासहून निघताना टेकडीवरच्या देवींना खालूनच हात जोडले. आमच्या गावात एकीला नमस्कार करून दुसरीला विसरायची सोय नाही. थोरली आणि धाकटी, दोघींचा मान सारखा ठेवावा लागतो. म्हणून रस्त्याच्या कडेला गाडी लावून दोनदा हात जोडले, आणि मग तिसऱ्यांदा गाडीच्या टाकीवर हात ठेवला. हा तिसरा नमस्कार म्हशीला होता.

म्हैस म्हणजे माझी क्रूझर मोटरसायकल. काळी, लांबलचक, जमिनीला टेकून बसलेली आणि हॉर्नला न जुमानणारी. नाव माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने ठेवलं. मी ती घेतली तेव्हा आमच्या कारखान्याच्या हिशेब खात्यात चर्चा झाली होती की मीनल मॅडमचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. मी चणीने लहान, श्रीकांतच्या खांद्याला कशीबशी लागते. बाजारातल्या सगळ्या मोटरसायकलींत ही एकच अशी होती जिच्यावर बसून माझे दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकायचे. पाय पुढे पसरायचे, हात ऐसपैस ठेवायचे, आणि आरामखुर्चीत बसल्यासारखं माळवाभर हिंडायचं. मांडू, ओंकारेश्वर, महेश्वर, सगळं तिच्यावर झालं.

त्या आरामानेच घात केला. पाय पुढे गेले की बसणाऱ्याचा सगळा भार माकडहाडावर येतो आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट कंबरेला येऊन भेटतो. मागच्या सहलीहून परतले तेव्हा मला घरापुढे गाडीवरून उतरताच येईना. श्रीकांतने आणि शेजारच्या कुलकर्ण्यांनी काखेत हात घालून मला उतरवलं, गव्हाचं पोतं उतरवतात तसं. गल्ली गॅलरीत उभी राहून बघत होती. दुखण्यापेक्षा त्याचा राग जास्त आला.

डॉक्टर म्हणाले, "एक तर गाडी सोडा, नाही तर ही बैठक सोडा. जरा पुढे झुकून बसायची, पाय खाली आणि मागे घ्यायची गाडी असेल तर भार वाटला जातो. एकदा लांबचा रस्ता करून बघा. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. कंबर धरली तर मग माझ्याकडे येऊ नका, गाडी विका."

पुढे झुकून बसायची गाडी म्हणजे स्पोर्ट बाईक. आणि स्पोर्ट बाईक म्हणजे उंच. कंबर एका गाडीला नाही म्हणत होती, पाय दुसरीला. मधल्यामध्ये मी.

अशा वेळी धारचा निनाद भेटला. धारच्या मराठी मंडळींच्या कोजागिरीला त्याची ओळख झाली. तिशीचा मुलगा, लाल रंगाची स्पोर्ट बाईक, आणि चेहरा पडलेला. त्याची बायको रुता मागच्या सीटवर बसायला तयार नव्हती. ती सीट म्हणजे भिंतीवरचा कोनाडा आहे असं तिचं म्हणणं. त्याला आरामाची गाडी हवी होती आणि मला बिनआरामाची. अदलाबदल ठरली. तो एकदा देवासला येऊन गेला, मैदानात मी त्याच्या गाडीवर चक्कर मारली आणि तो शेजारून धापा टाकत पळाला. कागदपत्रं झाली. उरलं फक्त म्हैस पोचवून लाल गाडी घेऊन यायचं.

श्रीकांत म्हणाला, "गाडीवर परत आलीस तर चहा. बसने परत आलीस तरी चहा." एवढं बोलून तो आत गेला. मी हेल्मेट घातलं. त्यात डोळे पुसता येत नाहीत हे तेव्हाच कळलं.

इंदूरचा बायपास ट्रकांनी गजबजलेला होता, पण धारचा फाटा घेतला आणि रस्ता मोकळा झाला. सोयाबीन निघून गेलं होतं. काळी रानं नांगरून गव्हासाठी तयार होती, कुठे कुठे पाणी सोडलेलं. म्हैस तिच्या नेहमीच्या चालीने डुलत होती आणि माझी कंबर तिच्या नेहमीच्या चालीने ठणकत होती. घाटाबिल्लौदच्या पुढे चहाला थांबले. टपरीवाल्याने पाठमोरी गाडी बघून आरोळी ठोकली, "आओ भिया!" मी हेल्मेट काढलं. तो क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "आओ दीदी भिया." माळव्यात भिया म्हणजे दादा. ही पदवी मी आनंदाने घेतली. चहाही चांगला होता, आलं ठेचून घातलेला.

धार आलं ते दुपार कलताना. आधी किल्ल्याची लालसर भिंत दिसते, मग तलाव, मग गाव. निनादच्या दारात त्याचे वडील, आबा, उभेच होते. पांढरंशुभ्र धोतर, वर स्वेटर.

"यावं, मीनलताई. प्रवास सुखाचा झाला ना? आपण दमला असाल."

घरात मला 'आपण' म्हणणारं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे मी उगीचच ताठ बसले. रुताने गरमागरम गराडू आणले (कोनफळासारखा कंद, तळून त्यावर लिंबू आणि मसाला घालतात, माळव्यात थंडीची चाहूल लागली की घरोघरी). ती म्हणाली, "मावशी, तुम्ही माझी सुटका केलीत. याच्या गाडीवर बसले की मला वाटायचं, अब गिरी, तब गिरी."

"और मेरा क्या?" निनाद म्हणाला. "मित्र मला अंकल म्हणायला लागलेत. मी म्हणालो, यार, एक मावशी माझी गाडी घेतायत आणि मी त्यांची. कुणी विश्वासच नाही करत."

रात्री मुक्काम तिथेच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी लाल गाडीवर बसून पाहिलं. मैदानात वाटली होती त्याहून ती उंच निघाली. फक्त पायाची बोटं जमिनीला लागत होती, टाचा हवेत. घरी फोन करून सांगावं का, की बसने येते, असा विचार खरोखर मनात आला.

तेवढ्यात आबा म्हणाले, "खाली उतरा, ताई. आत्ता बसायचं नाही."

मग कळलं ते असं. त्यांचे पूर्वज धारच्या दरबाराबरोबर इकडे आले ते पागेवर (घोड्यांच्या तबेल्यावर) नोकरीला. पागा गेली, घोडे गेले, पण घरातला रिवाज राहिला. घोडं हात बदलतं तेव्हा नव्या धन्याने त्याच्यावर गावात बसायचं नाही. हाताने धरून गावाच्या वेशीपर्यंत चालत न्यायचं, आणि तिथे बसायचं. देणाऱ्याने दावं द्यायचं नाही, ते आपल्याकडे ठेवायचं. सायकली विकल्या तेव्हाही त्यांनी हेच केलं, स्कूटर विकली तेव्हाही.

"आबा, मोटरसायकल आहे ती," निनाद म्हणाला. "घोडा नाही."

"घोडीच आहे. फक्त दाणा वेगळा खाते." आबांनी काठी उचलली. "आणि अदलाबदल आहे, तेव्हा तूही म्हैस हाताने ने. दोन्ही जनावरं चालत जातील."

दाव्याचाही प्रश्न निघाला. शेवटी माझ्या गाडीची कुलपाची साखळी म्हणजे दावं असं ठरलं आणि ती माझ्याच पिशवीत परत घातली गेली. दोन किलोचं लोखंड विनाकारण देवासला परत. वडीलधाऱ्यांपुढे बोलायची सोय नव्हती.

अशी आमची मिरवणूक धारमधून निघाली. पुढे आबा, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्याने काठी टेकत, मागे मी लाल गाडी ढकलत, त्यामागे निनाद म्हैस ढकलत आणि घामाघूम होत. बायकोच्या आरामाची किंमत त्याला पहिल्याच चौकात कळली. आणि लोक! धारच्या लोकांइतके मदतीला तत्पर लोक मी पाहिले नाहीत.

"दीदी, पेट्रोल खतम हो गया क्या?"

"नाही हो."

"चाबी गुम गई?"

"नाही."

एकाने धक्का मारायला हात लावला, त्याला आबांनी काठीनेच बाजूला केलं. किराणा दुकानदाराने समोरून ओरडून विचारलं, "काईं वइग्यो, बेन?" (काय झालं, बहीण?) मी म्हटलं, काही नाही, रिवाज आहे. त्याला ते पटलं नसावं, कारण थोड्या वेळाने तो स्कूटरवर मागून आला आणि माझ्या हातात पेट्रोलची बाटली देऊ लागला. दोन्ही गाड्यांची टाकी उघडून दाखवली तेव्हा कुठे तो परत गेला, तोही नाइलाजाने. त्या भल्या माणसाला मी मनातल्या मनात अजून आशीर्वाद देते.

पहिल्या वळणापर्यंत मला चीड आली होती. माझ्या कंबरेची परीक्षा रस्त्यावर व्हायची ती गल्लीतच उरकते की काय असं वाटत होतं. पण हळूहळू एक गंमत झाली. गाडी शेजारी चालत असली की ती कुठपर्यंत झुकते आणि कुठे हातातून जाते हे कळायला लागलं. उजवीकडे कललं की हलकी, डावीकडे कललं की माझ्या मांडीवर भार. चढावर ती मागे ओढते, उतारावर पुढे पळते. मी तिला कुशीने आधार द्यायला शिकले. सरदारपूरच्या बाजूचा नाका आला तोपर्यंत ती उंच आहे हे खरं होतं, पण परकी राहिली नव्हती.

नाक्यावर आबांनी गाडीच्या चाकावर तांब्यातलं पाणी घातलं आणि मला म्हणाले, "आता बसा. पाय पुरत नाही म्हणून घाबरू नका. घोडीवर तरी कुणाचे पाय जमिनीला लागतात?"

मी वाकून नमस्कार केला. वाकताना कंबर बोलली नाही हे ध्यानात आलं आणि मग बसले. मागे म्हैस सुरू झाल्याचा तो ओळखीचा घोगरा आवाज आला. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच बसून राहिले असते.

इंदूरमार्गे लवकर पोचले असते, पण नव्या गाडीवर ट्रकांमध्ये शिरायची हिंमत नव्हती. शिवाय डॉक्टरांनी लांबचा रस्ता सांगितलेला. म्हणून सरदारपूर, तिथून बदनावर, पुढे उज्जैनवरून देवास असा वळसा निनादनेच सुचवला होता. सुरुवातीचा तास माझी फजिती होण्यात गेला. म्हशीचा गिअर टाचेने दाबला की वर चढायचा. इथे टाचेखाली काही नाहीच, गिअर बोटांनी खालून उचलायचा. सवयीने मी दर वेळी टाच आपटत होते ती हवेत, आणि बिचारी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत होती. थांबून निघाले की पाय आपोआप पुढे जायचे, पायदान शोधायला, आणि तिथे नुसता वारा. एका जीपवाल्याने शेजारी येऊन माझे लोंबते पाय बघितले आणि हात जोडून पुढे निघून गेला.

सरदारपूरला माहीच्या पुलाजवळ थांबले. इथे माही अजून लहान आहे, उगम जवळच. पाण्यात दोन म्हशी (खऱ्या) निवांत डुंबत होत्या. मी त्यांच्याकडे बघत रुताने बांधून दिलेली पोळी-चटणी खाल्ली, पाय झटकले, कंबर चाचपली. ठणका नव्हता. मनगटं दुखत होती, मान अवघडली होती, पण कंबर गप्प होती. जास्त खूश व्हायचं नाही असं स्वतःला बजावलं. तिचा मला अनुभव होता; ती दुसऱ्या दिवशी बोलते.

सरदारपूरहून बदनावरकडचा रस्ता मात्र मी जन्मभर विसरणार नाही. वळणं घेत जातो, दोन्हीकडे शेतं, मधूनच पळसाची झाडं, रस्त्यावर वाळत घातलेला मका. म्हशीला वळण म्हणजे संकट. तिला आधी कळवावं लागायचं, मग ती विचार करायची. ही घोडी मी जिकडे बघेन तिकडे जात होती. नुसती मान वळवली की ती वळलेली. म्हणून खड्ड्याकडे बघायचं नाही, हेही लगेच शिकले. एका लांब वळणावर गुडघ्यांनी टाकी धरली, अंग तिच्याबरोबर कललं, आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्याने हसले. इतकी वर्षं मी गाडीवर नुसती बसले होते. चालवली त्या दिवशी.

आणि असं वाटलं की माणूस आपटतो, तशी बदनावरला आपटले.

मंडीच्या रस्त्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. पुढचा ट्रॅक्टर अचानक थांबला, मीही थांबले, आणि सवयीने डावा पाय टाकला. डावीकडे डांबर संपून काळ्या मातीचा उतार होता. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, जमीन काही आलीच नाही. गाडी आणि मी, दोघी सावकाश, अगदी अदबीने आडव्या झालो.

लागलं असं काही नाही. पण कंबरेत एक चमक गेली, आणि मी तशीच मातीत बसून राहिले. गाडी उचलायला वाकायचं नाही हे मला माहीत होतं. वाकले असते तर तिथून ॲम्ब्युलन्सच. झालं, संपलं, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं.

ट्रॅक्टरवाला उडी मारून आला. "बेन, लागी तो नी?" (लागलं तर नाही ना?) मागच्या ट्रॉलीवरून आणखी दोघं आले आणि मी काही बोलायच्या आत गाडी उभी केली. ट्रॉलीत पोत्यांवर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, डोक्यावर पदर. तिने वरूनच निकाल दिला, "ऊंची गाड़ी ने छोटा पग!" (उंच गाडी आणि आखूड पाय!)

रडत असूनही मला हसू फुटलं. ती खाली उतरली, लोटीतलं पाणी दिलं, माझ्या पाठीवरची माती झटकली. "घर को आदमी कां हे?" (घरचा माणूस, नवरा कुठे आहे?)

"घरी आहे. चहा करतोय."

मराठी तिला कळलं की नाही कोण जाणे, चहा कळला. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की ट्रॅक्टरवालाही हसायला लागला. मग म्हणाली, "चाल, बैठ. मैं पकड़ूं."

तिने धरलं असतं. पण मी नको म्हटलं. गाडीचं हँडल हातात घेतलं, धारमध्ये चालवली होती तशी कुशीला लावून ट्रॉल्यांच्या रांगेपलीकडे सपाट डांबरावर नेली, आणि तिथे बसले. आबा त्या वेळी समोर असते तर मी त्यांच्या पाया पडले असते. त्यांनी चालायला लावलं नसतं तर मी त्या दिवशी बदनावरहून बसच पकडली असती, यात शंका नाही. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. रांग हलली आणि ती पोत्यांवर चढून बसली, एवढंच.

बडनगर, मग उज्जैनचा बाहेरचा रस्ता, मग आमचा देवासचा ओळखीचा रस्ता. ऊन उतरलं. प्रत्येक गतिरोधकाला मी कंबरेला विचारत होते, आहेस ना? ती आहे म्हणत होती, पण आवाज जरा बदलला होता. टेकडीवरचे दिवे दिसले तेव्हा दोन्ही देवींना मनातल्या मनात एकाच दमात नमस्कार केला. थांबून पाय टेकायची छाती नव्हती.

घरापुढे उतरले ती स्वतःच्या पायांनी, फुटपाथच्या कडेला पाय टेकवून, सरळ. गॅलरीत नेमकं कोणी नव्हतं. पडायच्या वेळी माणसं हजर आणि उतरायच्या वेळी एक नाही! श्रीकांतने मातीने माखलेली पँट पाहिली. चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, आपटले तेही. तो फक्त म्हणाला, "उद्या सकाळी बघू."

उद्या सकाळी. त्या रात्री आम्ही दोघं त्याच एका गोष्टीचा विचार करत होतो आणि दोघंही दुसरंच बोलत होतो.

जाग आली तेव्हा उजाडत होतं. मी उताणी पडून होते. कूस बदलायची हिंमत होईना. मनात आलं, दुखली तर दुखली. काल मिळाला तो रस्ता तर कोणी परत घेत नाही. म्हशीने इतकी वर्षं मला हिंडवलं. निनादने आपली लाडकी गाडी माझ्या हातात दिली. आबांनी मला चालवलं, अनोळखी लोकांनी मला उचललं. इतक्या हातांवरून घरी आलेल्या बाईने तक्रार कशाची करायची? असा विचार करता करताच मी कुशीवर वळले, हाताचा आधार घेतला, पाय खाली सोडले.

उभी राहिले.

एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मांड्या भरून आल्या होत्या, मनगटं कुरकुरत होती, खांदा काळानिळा झाला असावा. कंबर शांत होती. मी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले, आणि मग नुसतीच उभी राहून रडले. कुणाचे आभार मानायचे ते सुचेना, म्हणून सगळ्यांचेच मानले.

श्रीकांत डोळे मिटून पडला होता. पण झोपलेला माणूस इतका श्वास रोखून धरत नाही.

"उठलीस?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"उठले."

"वाकून बघ."

वाकले. सरळ झाले. तेव्हा त्याने डोळे उघडले. मग पांघरूण बाजूला सारून उठून बसला आणि माझ्याकडे न बघता, अगदी सहज विचारावं तसं म्हणाला,

"त्या गाडीवर मागे बसणाऱ्याने धरायचं काय असतं?"

"अहो, मला."